समुद्र बदलतो तसा माकूलही : वाढ आणि परिपक्वतेमागचे विज्ञान

मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखातात माकूल पकडून उदरनिर्वाह करणाऱ्या मच्छीमारांना २०१० मध्ये एका विचित्र परिस्थितीला सामोरे जावे लागले. ग्वायमास खोऱ्यातील ज्या पाण्यात सुमारे वीस वर्षे भल्या मोठ्या माकुलांची मासेमारी चालत होती, तेथून मोठे माकूल दिसेनासे झाले. गळाला काही लागेना, किनाऱ्यावरील प्रक्रिया केंद्रांना माल मिळेना. मात्र समुद्र रिकामा झालेला नव्हता. शास्त्रज्ञांनी पाहणी केली तेव्हा त्याच पाण्यात माकुलांचे मोठे थवे आढळले. फक्त ते आकाराने अगदी लहान होते. विशेष म्हणजे हे लहान माकूल पिल्ले नव्हती. ते पूर्णपणे प्रजननक्षम, म्हणजेच वयात आलेले प्राणी होते.

एरवी ५५ सेंटिमीटरहून अधिक लांब धड झाल्यावर आणि एक ते दीड वर्षाचे झाल्यावर वयात येणारा हा प्राणी ३० सेंटिमीटरपेक्षाही कमी लांबीचा असताना, अवघ्या सहा महिन्यांच्या आसपास अंडी घालण्यास सिद्ध झाला होता. त्याआधीच्या हिवाळ्यात, म्हणजे २००९-१० मध्ये, प्रशांत महासागरात एल निनोची स्थिती निर्माण झाली होती. समुद्राच्या तापमानातील आणि अन्नसाखळीतील या बदलाने एका प्राण्याचे संपूर्ण जीवनचक्रच आखडून टाकले होते.

कोकण किनाऱ्यावर माकूल, गोव्यात माणकी आणि केरळात कूंतल या नावांनी ओळखला जाणारा स्क्विड भारताच्या मासेमारीत आणि सागरी उत्पादनांच्या निर्यातीतही महत्त्वाचा आहे. त्यामुळे समुद्राच्या स्थितीचा त्याच्या वाढीशी आणि परिपक्वतेशी असलेला संबंध समजून घेणे आपल्याकडील मच्छीमार आणि धोरणकर्ते या दोघांसाठीही आवश्यक ठरते.

अल्पायुषी आणि वेगवान जीव

माकूल हा मृदुकाय संघातील शीर्षपाद वर्गाचा प्राणी आहे. ऑक्टोपस आणि कटलफिश हे त्याचे जवळचे नातलग. कॅलिफोर्नियाच्या आखातात आढळणारी जात हम्बोल्ट माकूल किंवा जंबो माकूल या नावाने ओळखली जाते. चिलीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या पूर्व प्रशांत महासागरात तिचा वावर असतो. तिच्या प्रावरणाची, म्हणजे धडाला वेढणाऱ्या स्नायूमय आवरणाची, लांबी एक मीटरहून अधिक आणि वजन ५० किलोपर्यंत भरू शकते. जन्माच्या वेळी मात्र तिचे पिल्लू जेमतेम मिलिमीटरभर असते. मिलिमीटरपासून मीटरपर्यंतचा हा प्रवास ती साधारणतः एक ते दोन वर्षांत पूर्ण करते.

बहुतेक माकुलांचे आयुष्य सुमारे वर्षभराचे, उष्णकटिबंधातील अनेक लहान जातींचे तर काही महिन्यांचेच असते. आयुष्यात प्रजननाचा एकच हंगाम येतो आणि त्यानंतर प्राणी मरतो. माशांच्या समूहात सामान्यतः अनेक वर्षांच्या पिढ्या एकाच वेळी नांदत असतात. एखादे वर्ष वाईट गेले तरी मागच्या वर्षांतील मासे समूहाला सावरून धरतात. माकुलाला ही सोय नाही. या वर्षीची पिढी संपूर्णपणे गेल्या वर्षीच्या पिढीच्या अंड्यांवर अवलंबून असते. त्यामुळे समुद्रातील बदलांचा परिणाम माकुलाच्या संख्येवर आणि आकारावर लगेच उमटतो.

याला शरीरशास्त्रीय कारणही आहे. माकुलाच्या शरीरात चरबीचा साठा फारसा नसतो. खाल्लेल्या अन्नातील प्रथिनांपासून तो थेट स्नायू घडवतो आणि आयुष्यभर नवे स्नायुतंतू वाढवत राहतो. साठवण नसल्यामुळे अन्नटंचाईचे दिवस कसेबसे रेटून नेणे त्याला जमत नाही. अन्न कमी झाले की वाढ मंदावते.

कानातील खड्यात दडलेली दैनंदिनी

एवढ्या अल्पायुषी प्राण्याचे वय मोजायचे कसे, हा शास्त्रज्ञांपुढील जुना प्रश्न होता. पूर्वी पकडलेल्या माकुलांच्या लांबीची वर्गवारी करून वयाचा अंदाज बांधला जात असे. या पद्धतीने आयुर्मान अनेकदा प्रत्यक्षाहून जास्त निघे. पुढे संतुलनाश्मांच्या अभ्यासाने चित्र बदलले.

माकुलाच्या डोक्यात, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात चुनखडीयुक्त पदार्थाचे दोन सूक्ष्म खडे असतात. त्यांना संतुलनाश्म म्हणतात. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय तयार होते, तसे या खड्यात दररोज एक वलय उमटते. खडा घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजली, की माकुलाचे वय दिवसांत कळते. पकडल्याच्या तारखेतून तेवढे दिवस वजा केले, की जन्मतारीख मिळते. त्या तारखेपासून पुढे समुद्राचे तापमान काय होते, प्लवकांचे प्रमाण किती होते, याच्या उपग्रहीय नोंदींशी ही माहिती पडताळून पाहता येते. समुद्राची स्थिती आणि माकुलाची वाढ यांचे नाते उलगडण्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

तापमान : एका अंशाचा हिशेब

माकुलाच्या वाढीवर सर्वांत ठळक प्रभाव असतो तो पाण्याच्या तापमानाचा. हा प्रभाव अंड्यापासूनच सुरू होतो. पाणी उबदार असेल तर भ्रूणाचा विकास वेगाने होतो आणि पिल्ले लवकर बाहेर पडतात. मात्र ती तुलनेने लहान असतात. थंड पाण्यात हाच काळ लांबतो.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात गॅल्व्हेस्टन येथे प्रयोगशाळेत माकूल वाढवणारे संशोधक जॉन फोर्साइथ यांनी १९९३ मध्ये यासंबंधी एक गृहीतक मांडले. आयुष्याच्या पहिल्या टप्प्यात माकुलाची वाढ चक्रवाढ पद्धतीने होते. त्यामुळे या काळात तापमानात झालेली थोडीशी वाढही पुढे आकारात फार मोठा फरक पाडते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका पिल्लाचे वजन रोज सात टक्क्यांनी वाढते आणि किंचित उबदार पाण्यातील दुसऱ्याचे आठ टक्क्यांनी. साठ दिवसांनंतर पहिल्याचे वजन मूळ वजनाच्या सुमारे ५८ पट, तर दुसऱ्याचे सुमारे १०१ पट झालेले असेल. रोजचा फरक केवळ एका टक्क्याचा. दोन महिन्यांनी मात्र तो दुपटीच्या जवळ जातो. एकाच वर्षात, परंतु वेगवेगळ्या महिन्यांत जन्मलेल्या माकुलांच्या आकारात एवढी तफावत का आढळते, याचे उत्तर या गणितात आहे.

मात्र वाढ वेगाने झाली म्हणजे प्राणी अखेरीस मोठाच होईल, असे नाही. उबदार पाण्यात परिपक्वताही लवकर येते. शीर्षपादांमध्ये मेंदू आणि डोळे यांच्या दरम्यान असलेली एक लहानशी ग्रंथी संप्रेरकांद्वारे प्रजननेंद्रियांचा विकास सुरू करते. प्रकाश, तापमान आणि पोषण यांचा या प्रक्रियेवर प्रभाव पडतो. परिपक्वता सुरू झाली, की शरीराकडे येणारी ऊर्जा स्नायूंऐवजी अंडाशयाकडे किंवा वृषणाकडे वळू लागते आणि शरीराची वाढ मंदावते. म्हणूनच थंड पाण्यातील माकूल सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो आणि पुष्कळदा आकाराने मोठा होतो. उबदार पाण्यातील माकूल झपाट्याने वाढतो, लवकर वयात येतो आणि लहान आकारातच त्याचे जीवनचक्र पूर्ण होते.

अन्न : उष्णतेची दुसरी बाजू

तापमान वाढले की चयापचय वाढतो आणि भूकही वाढते. त्या प्रमाणात अन्न मिळाले तरच उबदार पाण्याचा लाभ होतो. अडचण अशी, की समुद्रात उष्णता आणि अन्न यांचे गणित बहुधा परस्परविरोधी असते.

अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्यांमुळे पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. या पाण्यावर वनस्पती प्लवक पोसले जातात, त्यांच्यावर प्राणी प्लवक आणि लहान मासे, आणि त्यांच्यावर माकूल. एल निनोच्या काळात पृष्ठभागालगतच्या उबदार पाण्याचा थर जाड होतो. खालून येणाऱ्या पोषकद्रव्यांचा पुरवठा आटतो आणि संपूर्ण अन्नसाखळी अशक्त होते. अशा वेळी माकुलापुढे दुहेरी संकट उभे राहते : शरीराची मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावरील बाजारी माकूल या छोट्या जातीत १९९७-९८ च्या तीव्र एल निनोदरम्यान हे स्पष्टपणे दिसून आले. त्या काळात वाढलेले माकूल आकाराने लहान होते आणि त्यांच्या वाढीचा वेगही कमी होता, असे संतुलनाश्मांच्या अभ्यासातून दिसले. त्यापाठोपाठ आलेल्या ला निनाच्या थंड आणि अन्नसमृद्ध पाण्यात वाढीचा वेग आणि आकार दोन्ही सुधारले. उष्ण पाण्यात वाढ वेगाने होते, हा नियम अन्न पुरेसे असेल तरच लागू पडतो, हे या घटनेने दाखवून दिले.

आखातात काय घडले?

कॅलिफोर्नियाच्या आखातातील घटनेचा अभ्यास हेंक-यान होव्हिंग, स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विल्यम गिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एल निनोनंतर मोठे माकूल ग्वायमास खोरे सोडून उत्तरेकडील साल्सिपुएदेस खोऱ्यात आढळले. तेथे भरती-ओहोटीचे प्रवाह प्रबळ असल्याने पाणी सतत घुसळले जाते आणि खालची पोषकद्रव्ये वर येत राहतात. त्यामुळे एल निनोचा तडाखा त्या भागाला कमी बसला. मासेमारीही माकुलांच्या मागोमाग तिकडे सरकली.

ग्वायमास खोऱ्यात २०१० ते २०१२ या काळात मोठे माकूल आढळले नाहीत. तेथे राहिलेल्या पिल्लांनी वेगळा मार्ग स्वीकारला. किनाऱ्यालगतच्या समृद्ध पाण्यात दीड वर्ष राहून अवाढव्य होण्याऐवजी ती खोल समुद्रात लहान आकारातच वयात आली. मोठी हम्बोल्ट मादी तीन कोटींपर्यंत अंडी निर्माण करण्याची क्षमता बाळगते. लहान मादीला ते शक्य नसते. तथापि, अन्नाची शाश्वती नसताना मोठे होण्याची वाट पाहण्यापेक्षा थोडी अंडी लवकर घालणे आणि वर्षात दोन पिढ्या साधणे वंशसातत्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित ठरते.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत, अभ्यासक्षेत्रातील माकुलांचे एकूण जैववस्तुमान २०१० ते २०११ या काळात जवळपास दुप्पट झाल्याचे आढळले. ही वाढ प्रामुख्याने लहान माकुलांची होती आणि ते व्यावसायिक मासेमारीच्या कक्षेत येत नव्हते. मच्छीमारांच्या दृष्टीने समुद्र ओस पडला होता. मोजणीच्या दृष्टीने तो भरत चालला होता. केवळ मिळकतीच्या आकड्यांवरून समुद्रातील साठ्याचा अंदाज बांधणे किती फसवे ठरू शकते, हे यातून लक्षात येते.

या बदलाची किंमत मात्र माणसांनी मोजली. १९९० च्या दशकाच्या मध्यात मेक्सिकोत या माकुलाचे वार्षिक उत्पादन एक लाख टनांच्या पुढे गेले होते. सांता रोसालियासारख्या किनारी गावांत रात्री लहान होड्या घेऊन, हातगळाने माकूल पकडणाऱ्या कुटुंबांची गुजराण त्यावर चालत असे. १९९७-९८ च्या एल निनोनंतरही उत्पादन कोसळले होते; परंतु काही काळाने मोठे माकूल परतले. २०१० नंतर आखाताचे पाणी दीर्घकाळ उबदारच राहिले आणि पूर्वीचे वैभव परत आले नाही.

प्राणवायूची मर्यादा

तापमान आणि अन्न यांच्या जोडीला तिसरा घटक आहे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा. माकूल पाण्याचा फवारा मागे सोडून पुढे झेपावतो. पोहण्याची ही पद्धत माशांच्या तुलनेत खर्चीक आहे. शिवाय त्याच्या रक्तातील तांबेयुक्त हिमोसायनिन प्राणवायू वाहून नेण्यात आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनपेक्षा कमी पडते. एकीकडे प्राणवायूची मोठी गरज आणि दुसरीकडे मर्यादित क्षमता, अशी ही कसरत असते.

उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणजे चयापचय वाढून गरज वाढते, नेमका तेव्हाच पुरवठा घटतो. हम्बोल्ट माकुलाने यावर एक विलक्षण तोड काढलेली आहे. दिवसा तो काहीशे मीटर खोलीवरील अत्यल्प प्राणवायूच्या थरात उतरतो आणि तेथे आपला चयापचय मोठ्या प्रमाणात मंद करतो. मोठ्या भक्षक माशांना या थरात फार काळ टिकता येत नाही. रात्री तो शिकारीसाठी वर येतो. मात्र खालचा प्राणवायूहीन थर वर सरकला आणि वरचा थर फार तापला, तर त्याचा राहण्याजोगा पट्टा दोन्ही बाजूंनी आक्रसतो, असा इशारा संशोधकांनी दिला आहे.

अरबी समुद्राचे चित्र

जगातील अत्यल्प प्राणवायूच्या मोठ्या क्षेत्रांपैकी एक अरबी समुद्रात आहे. या समुद्रात हम्बोल्ट माकुलाच्याच कुळातील जांभळ्या पाठीचा सागरी माकूल मोठ्या संख्येने आढळतो. या जातीची वेगवेगळ्या आकारांची रूपे ज्ञात आहेत. विषुववृत्ताजवळच्या कमी उत्पादक पाण्यातील खुजे रूप सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचे असतानाच वयात येते, तर मान्सूनच्या वाऱ्यांमुळे समृद्ध होणाऱ्या अरबी समुद्रातील महाकाय रूपाची लांबी ६० सेंटिमीटरच्याही पुढे जाते. हा फरक केवळ पर्यावरणाचा नसून त्यामागे जनुकीय वेगळेपणही असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. तरीही महाकाय रूप नेमके अन्नसमृद्ध पाण्यातच आढळावे, ही बाब सूचक आहे.

भारतीय मच्छीमारांच्या जाळ्यात प्रामुख्याने येतो तो किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातील भारतीय माकूल. गुजरातपासून केरळपर्यंत ट्रॉलरना तो मिळतो आणि गोठवून युरोपसह अन्य देशांत निर्यात होतो. नैऋत्य मान्सूनच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही, विशेषतः केरळ आणि कर्नाटकालगत, खालचे थंड पाणी वर येते. त्यातून अन्न वाढते. पण पावसाळ्याच्या उत्तरार्धात उथळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू कमालीचा घटतो, हे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये जगासमोर मांडले. भारतीय माकूल आपल्या अंड्यांचे पुंजके तळाशी चिकटवतो. त्यामुळे तळालगतच्या पाण्याची स्थिती त्याच्या पुढच्या पिढीसाठी निर्णायक ठरू शकते.

पुण्यातील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती प्लवकांमध्ये २० टक्क्यांपर्यंत घट झाली असावी. पाणी तापल्याने वरचा आणि खालचा थर एकमेकांत मिसळण्याचे प्रमाण कमी होते, हे त्याचे कारण सांगितले जाते. म्हणजेच कॅलिफोर्नियाच्या आखातात एल निनोने अल्पकाळ जे घडवले, त्याच्याशी साम्य असलेली स्थिती येथे दीर्घकाळासाठी निर्माण होऊ शकते.

नियम स्थिर, प्राणी अस्थिर

मासेमारीच्या व्यवस्थापनात ‘किमान वैध आकार’ ही संकल्पना महत्त्वाची मानली जाते. मासा किमान एकदा तरी अंडी घालण्याइतका मोठा होऊ द्यावा, त्याआधी पकडू नये, हा त्यामागील विचार. कोचीस्थित केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींच्या आधारे केरळने आणि त्यानंतर २०२३ मध्ये महाराष्ट्राने अनेक सागरी प्रजातींसाठी असे आकार निश्चित केले. पिल्लांची बेसुमार मासेमारी रोखण्यासाठी हे पाऊल आवश्यकच होते.

माकुलाच्या बाबतीत मात्र एक अतिरिक्त प्रश्न उद्भवतो. ज्या आकाराला प्राणी वयात येतो, तो आकारच समुद्राच्या स्थितीनुसार बदलत असेल, तर एकदा ठरवलेली मर्यादा किती वर्षे लागू राहील? उबदार वर्षांत माकूल लहान आकारातच अंडी घालू लागला, तर जुन्या मर्यादेमुळे मच्छीमाराचे विनाकारण नुकसान होईल. थंड आणि समृद्ध वर्षांत परिपक्वता मोठ्या आकाराला आली, तर तीच मर्यादा अपुरी पडून अपरिपक्व माकूल जाळ्यात जातील. यावर उपाय म्हणजे परिपक्वतेच्या आकाराची ठरावीक काळाने फेरतपासणी. त्यासाठी बंदरांवर उतरणाऱ्या माकुलांचे नमुने नियमित तपासणे आणि त्यांची समुद्राच्या तापमानाशी व हरितद्रव्याच्या नोंदींशी सांगड घालणे गरजेचे आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशाच उपग्रहीय नोंदींच्या आधारे मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देत असते. म्हणजे निम्मी सामग्री देशात आधीच उपलब्ध आहे.

खुल्या समुद्रातील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हिंदी महासागर टूना आयोगाचा अधिकार टूना आणि तत्सम माशांपुरता आहे. माकूल त्याच्या कक्षेत येत नाही. परिणामी, वायव्य हिंदी महासागराच्या खुल्या पाण्यात परदेशी जहाजांकडून होणाऱ्या माकूल मासेमारीवर पुरेसे बंधन नाही.

बदलत्या समुद्रात माकूल टिकणार नाही, असा याचा अर्थ नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक विश्लेषणात गेल्या सहा दशकांत शीर्षपादांची संख्या एकंदरीत वाढल्याचे दिसून आले. अल्प आयुष्य, वेगवान वाढ आणि परिस्थितीनुरूप जीवनक्रम बदलण्याची क्षमता या जोरावर हा प्राणी अनेक माशांपेक्षा अधिक लवचिक ठरला आहे. मात्र त्याच्या लवचिकतेचा लाभ मच्छीमाराला मिळेलच, याची हमी नाही. सहा महिन्यांत वयात येणारा वीतभर माकूल आपला वंश टिकवू शकतो. परंतु मोठ्या माकुलावर उभी राहिलेली बाजारपेठ, प्रक्रिया उद्योग आणि त्यावर विसंबलेली गावे तितक्या वेगाने बदलू शकत नाहीत. त्यांना सावध होण्यास वेळ मिळायचा असेल, तर बंदरावर उतरणाऱ्या मालाच्या वजनासोबत त्यातील माकुलांचा आकार, वय आणि परिपक्वता यांचीही नोंद नियमितपणे ठेवावी लागेल.